दोन नव्या, एक जुनी

दादा अडखळला नाही, तेव्हाच मला कळलं की काहीतरी भयंकर झालं आहे.

चौकशी आयोगाच्या सुनावणीला एकोणीस दिवस उरले होते. रत्नावहिनी सावरदऱ्याहून पहिल्या एसटीने आली होती. माझ्या खोलीत, मी स्वतः जोडलेल्या कॉम्प्युटरसमोर स्टुलावर बसून पदराचं टोक तोंडाशी धरून ती ऐकत होती. स्पीकरमधून तिच्या नवऱ्याचा, माझ्या थोरल्या भावाचा आवाज आला.

"साहेब, परवानगी द्या. पाणी पातळीच्या वर गेलंय, दारं आपोआप उघडणार. खाली घाटावर दहाव्याची माणसं आहेत."

एका दमात, बातम्या वाचल्यासारखं.

प्रल्हाद कणसे हा माणूस जन्मात कधी 'प' धड बोलला नाही. शाळेत स्वतःचं नाव सांगताना त्याला इतका वेळ लागायचा, की मास्तर पुढच्या मुलाकडे वळायचे. आणि नशीब असं, की नोकरी लागली ती धरणावर. पाणी, पातळी, परवानगी. दिवसभर ज्या शब्दांशी गाठ, ते सगळे त्याचे वैरी.

"हे कोण बोलतंय?" वहिनीने विचारलं.

मी उत्तर द्यायच्या आत दुसरा आवाज आला, कार्यकारी अभियंता हुद्दार साहेबांचा.

"वाजवा. ताबडतोब भोंगा वाजवा."

रेकॉर्डिंग संपलं. वहिनी माझ्याकडे बघत राहिली. चार वर्षांपूर्वी हेच रेकॉर्डिंग मी दोनदा ऐकलं होतं. त्यात दादा तीन वेळा अडखळला होता, आणि हुद्दार म्हणाले होते, "थांबा. मी सांगेपर्यंत भोंगा नको."

*

त्या दिवशी तारणी नदीच्या काठी, सावरदऱ्याच्या घाटावर एका म्हाताऱ्याचा दहावा चालला होता. पिंड मांडून झाले होते आणि कावळा काही शिवत नव्हता. म्हाताऱ्याची कोणती इच्छा राहिली असेल, यावर नेहमीसारखी चर्चा चालली होती. एक मुलगा म्हणत होता, 'धाकटीचं लग्न करीन'. दुसरा म्हणत होता, 'विहिरीचा वाटा देईन.' कावळा वेळेवर शिवला असता तर माणसं अर्धा तास आधी घरी गेली असती. दहा चाळीसला वरच्या धरणाची दारं उघडली. एकोणीस माणसं गेली. विसावा माझा भाऊ.

कंट्रोल रूम सोडून तो उतारावरून घाटाकडे धावत सुटला होता. मागे राहिलेल्या दोघातिघांनी त्याला हात हलवताना पाहिलं. तो काय ओरडत होता ते कुणाला कळलं नाही. 'पाणी' हाच शब्द असणार, आणि तो त्याला साधला नसणार. आठवड्यापूर्वीच विनाकारण भोंगा वाजून गावात पळापळ झाली होती आणि त्यात एक म्हातारी पडून मेली होती, म्हणून भोंग्याला वरची परवानगी लागत होती. हुकूम मोडायची धमक दादात नव्हती, आणि हातावर हात ठेवून बसायचीही नव्हती. म्हणून तो पळाला. गावाने त्याचा अर्थ लावला, की भोंगा न वाजवता कणसे पळून गेला आणि देवाने त्याला गाठलं. तेव्हापासून वहिनीला त्या घाटावर कुणी पाय ठेवू देत नाही. दादाचा दहावा आम्ही माझ्या न्हाणीघरामागे केला.

दादाला फोन रेकॉर्ड करायची सवय होती. उच्चार सुधारायला ज्या बाईंकडे जायचा, त्यांनीच ती लावली होती: दिवसभराचे फोन संध्याकाळी ऐकायचे आणि कुठे अडलो ते लिहायचं. फोनवरचं बोलणं घरच्या कॉम्प्युटरमधल्या जुन्या हार्ड डिस्कवर आपोआप उतरायचं. फोन त्याच्याबरोबर वाहून गेला. ही डिस्क मात्र राहिली.

आता नियमाबद्दल सांगते. कुणीही कुणाचाही आवाज बनवू शकतो म्हटल्यावर रेकॉर्डिंगला कोर्टात कवडीची किंमत उरली नव्हती. मग त्रिप्रत नियम आला. एकाच मशीनमध्ये तीन वेगळ्या डिस्क हव्यात, तिन्हींवर तेच रेकॉर्डिंग, तिन्हींचा ठसा जुळता. ठसा म्हणजे फाइलवरून गणिताने काढलेला एक लांबलचक आकडा. एक अक्षर बदललं तरी आकडा बदलतो. शिवाय तीनपैकी एक डिस्क जुनी हवी, खोटे आवाज बोकाळण्याच्या आधी बनलेली, फिरत्या तबकड्यांची. असं मशीन आयोगाकडे नोंदवायचं आणि सुनावणीपर्यंत रेकॉर्डिंगची प्रत बाहेर द्यायची नाही. दिली तर सगळंच बाद.

मी तालुक्याच्या आयटीआयत इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. असलं मशीन जोडायला मला कुणाच्या पाया पडायची गरज नव्हती. कॅबिनेट भंगारातलं, पॉवर सप्लाय नवा. दादाची डिस्क खालच्या खणात बसवली. ती सुरू झाली की घरघरायची आणि सगळा पत्रा थरथरायचा, म्हणून तिच्या स्क्रूखाली नळाचे रबरी वायसर घातले. नव्या दोन डिस्क नखाएवढ्या, थेट बोर्डवर खोचायच्या. त्या आवाज करत नाहीत. जुनीने एक काम करेपर्यंत नव्या शंभर कामं करून वाट बघत बसतात. मी मनात म्हणायचे, थांबा गं पोरींनो, आजी येतेय.

तिघींची एक मोट बांधणाऱ्या प्रणालीने शेवटी एक प्रश्न विचारला: 'प्रतींमध्ये फरक आढळल्यास काय करावे?' उत्तरं तीन होती. मला विचारा. जुनी प्रत प्रमाण माना. बहुमत.

मी बहुमत निवडलं. विचारसुद्धा केला नाही.

याचं कारण आमचे आप्पा. आप्पांनी नदीची पट्टी वाचण्यात जन्म घालवला. पुलाच्या खांबावर आकड्यांची पट्टी असते. रोज सकाळी सहाला तिघांनी वेगवेगळं जाऊन पाणी कुठवर आहे ते बघायचं, आपापल्या चिठ्ठीवर लिहायचं आणि मग चिठ्ठ्या एकदम उघडायच्या. दोघांचं जुळलं की तिसऱ्याने आपला आकडा दुरुस्त करायचा. आमच्या घरात भाजीत मीठ कमी आहे की नाही हेसुद्धा असंच ठरायचं. दोघांचं जुळलं की खरं, हे माझ्या हाडात बसलेलं. आपलेच दात, आपलेच ओठ. तक्रार करणार कुणाकडे?

*

वहिनीला चहा करून दिला आणि मी नव्या डिस्कची माहितीपुस्तिका काढून बसले. विकत घेताना मी ती चाळली होती. वाचली नव्हती.

जगाने इतकं साठवायला घेतलं होतं, की डिस्क बनवणाऱ्यांचे हात पुरेनात. त्यातून या आटीव डिस्क आल्या. दूध आटवून खवा करायचा, आणि लागेल तेव्हा पाणी घालून पुन्हा दूध, तसला हा प्रकार. फोटोतलं आभाळ ठिपक्याठिपक्याने कशाला ठेवायचं? आभाळ कसं असतं हे डिस्कमधल्या मेंदूला माहीत असतं. त्याने 'इथे आभाळ' एवढंच लिहून ठेवायचं आणि मागितलं की रंगवून द्यायचं. आवाजाचंही तेच. माणसं कशी बोलतात हे त्याने लाखो तास ऐकलेलं असतं. आवाज आणि कागदपत्रं जशीच्या तशी राहतील, असं वरच्या पानावर ठळक लिहिलेलं होतं. सत्तेचाळिसाव्या पानावर बारीक अक्षरात पुढचं होतं: पहिले सहा महिने. त्यानंतर न उघडलेली फाइल आटवली जाईल, जितकी शिळी तितकी जास्त.

मी ती फाइल चार वर्षं उघडली नव्हती. ऐकायचा धीर होत नव्हता.

त्या मेंदूने काय केलं, हे मी वर्गात फळ्यावर मांडल्यासारखं वहिनीला सांगितलं. अडखळणं त्याला खरखर वाटलं. त्याने ते पुसलं. धरणावरचा माणूस भोंग्याची परवानगी मागतो तेव्हा साहेब काय म्हणतो? हजारात नऊशे नव्व्याण्णव वेळा 'वाजवा' म्हणतो. त्याने तेच लिहिलं. दोन्ही डिस्क एकाच कारखान्यातल्या, मेंदू एकच, म्हणून चूकही अक्षरन् अक्षर एकच. मग महिन्याच्या तपासणीत प्रणालीने तिन्ही प्रती शेजारी ठेवल्या. दोन नव्या एक बोलत होत्या, जुनी वेगळं बोलत होती. बहुमताने जुनी चुकीची ठरली, आणि तिच्यावरचं दादाचं खरं बोलणं पुसून नवं लिहिलं गेलं. तीन वर्षांपूर्वीच्या नोंदीत एक ओळ होती: 'एक त्रुटी दुरुस्त.'

आप्पांच्या वहीत निदान एक रीत होती. चुकलेला आकडा एका रेघेने खोडायचा, खालचं वाचता आलं पाहिजे. "खोडायचं, गाडायचं नाही," असं ते नव्या माणसाला बजावायचे. मशीनला हे कुणी बजावलं नव्हतं.

वहिनीने सगळं शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, "म्हंजे आता तिन्ही डिस्का सांगणार, की साहेबांनी वाजवा म्हटलं आन् ह्यांनी वाजवला न्हाई."

"हो."

"मशीन द्यायचंच न्हाई मग."

"नोंदवलंय वहिनी. नाही दिलं तर पुरावा नष्ट केला म्हणतील. तेही दादाच्याच माथी येईल."

तिने चहा तसाच ठेवला. "तू शिकलेली हैस शुभा. तुला येतंय की समदं. मग तूच घाल की ते परत."

*

मी ते करून पाहिलं. लपवून उपयोग नाही.

रविवारची दुपार होती. दादाची जुनी बोलणी घालून त्याचा आवाज बनवायला वीस मिनिटं लागली, अडखळणं नीट बसवायला तीन तास. किती वेळा, किती लांब, श्वास कुठे. मग हुद्दारांचं वाक्य. दोन नव्या डिस्कवर हे चढवलं असतं आणि तपासणी चालवली असती, तर जुनी पुन्हा मुकाट दुरुस्त झाली असती. ज्या वाटेने खरं गेलं त्याच वाटेने ते परत आलं असतं, आणि ठसे तिन्ही जुळले असते. नोंदीत आणखी एक त्रुटी दुरुस्त झालेली दिसली असती, दुसरं काही नाही.

वहिनी ऐकून ओक्साबोक्शी रडली. "ह्येच," म्हणाली, "ह्येच ते. अगदी अस्संच बोलले."

मी तिच्याकडे बघत राहिले. तिने मूळ रेकॉर्डिंग कधी ऐकलंच नव्हतं. अपघाताच्या महिन्यात ती ऐकायला तयार नव्हती, आणि नंतर मी ती फाइल पुन्हा लावलीच नाही. जे कधी ऐकलं नाही ते तिला आठवत होतं. आणि खरी भीती पुढेच होती. मी स्वतः डोळे मिटून मूळ आठवायला गेले, तर दोन अडखळण्यांमधला मी बसवलेला श्वास ऐकू आला. तो मुळात होता का? हुद्दार 'मी सांगेपर्यंत' म्हणाले होते की 'सांगेपर्यंत' नुसतं? सकाळपर्यंत मला पक्कं माहीत होतं. संध्याकाळी नव्हतं.

मी फाइल पुसली. वहिनीने माझा हात धरला, सोडला, आणि पुन्हा कधी धरला नाही.

"तुझा भाऊ हाय त्यो," ती म्हणाली. "माझा नवरा हाय. तुझ्या खरेपणापायी त्याला दुसऱ्यांदा बुडवायलीस व्हय?"

दादाचे शेवटचे शब्द माझ्या हातचे असावेत हे मला सोसवेना, एवढंच. हे तिला सांगण्यासारखं कारण नव्हतं.

*

एक गोष्ट उरली होती. जुन्या डिस्कला म्हातारपणी डाग पडतात. तबकडीवरची एखादी जागा खराब झाली, की डिस्क ती जागा कायमची बंद करते आणि पुढचं लिखाण दुसरीकडे करते. बंद जागेवर मग कुणी लिहीत नाही. पुसायलाही जात नाही. म्हणजे बहुमताने जुनी डिस्क दुरुस्त केली तेव्हा या बंद खोल्या प्रणालीच्या हाती लागल्या नसणार.

आयटीआयच्या प्रयोगशाळेत दादाच्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल घेऊन चार दिवस मी हेच केलं: बंद खोल्या एकेक उघडायच्या आणि आत काय राहिलंय ते बघायचं. अकरा होत्या. आठांत नुसता कचरा. तीन ओळीने लागून होत्या आणि त्यांत आवाज होता. एका खोलीत अर्धा सेकंद मावतो. तिन्ही जोडून दीड सेकंद.

"प… प… प…"

बस्स. पुढे काही नाही. 'थांबा' नाही, 'वाजवा' नाही. परवानगीतला असेल किंवा पाण्यातला. पण तो दादा होता. त्या 'प'मागचा घसा कोणत्याही मेंदूने बनवला नसता, कारण असं बोलणं त्याच्या हिशेबी चूक होती. मी प्रयोगशाळेचं दार लावून घेतलं आणि खूप वेळ रडले.

दुसऱ्या दिवशी मी हुद्दारांकडे गेले.

ते निवृत्त होऊन जिल्ह्याच्या गावी राहत होते. फ्लॅटमध्ये कुंड्या, देवघर, पाहुण्यांसाठी वेगळे कप. त्यांनी दार उघडलं, मला ओळखलं आणि आत घेतलं. मी भांडायच्या तयारीने गेले होते. त्यांनी मला भांडूच दिलं नाही.

"बाई, खोटं सांगत नाही," ते म्हणाले. "पहिलं वर्षभर मला वाटत होतं, की मी 'थांबा' म्हणालो. अन्न गोड लागत नव्हतं. आयोगाला पत्रसुद्धा लिहून ठेवलं होतं, हिला विचारा. मग ऑफिसने त्यांच्याकडचं रेकॉर्ड ऐकवलं. मी स्वच्छ 'वाजवा' म्हणतोय. माणूस स्वतःवरच किती खोटे आळ घेतो बघा. पत्र फाडून टाकलं त्या दिवशी. जेवलो."

"ऑफिसच्या डिस्क आटीव आहेत साहेब."

"आहेत. तुमच्या?"

मी पिशवीतला फोन चाचपला.

"तुमची जुनी डिस्कसुद्धा तेच सांगते ना?" त्यांनी अगदी हळू विचारलं. मला दुखवायचं त्यांच्या मनात नव्हतं. "मग झालं तर. आपल्या दोघांच्या आठवणीपेक्षा ते बरं."

मी फोन काढला आणि तो दीड सेकंद लावला.

हुद्दारांचा कप बशीत वाजला. ते म्हणाले, "पुन्हा लावा." मी लावलं. तिसऱ्यांदा त्यांनी नुसती मान हलवली, तेव्हाही लावलं.

"असंच," ते म्हणाले. "असंच चाललं होतं त्याचं. दुसऱ्या फोनवर मंत्रालयातून कुणीतरी ताटकळत होतं, आणि याचं वाक्य काही संपेना. मी घड्याळाकडे बघत होतो. आणि मग मी…"

आतून त्यांच्या बायकोने विचारलं, "अहो, चहा आणखी टाकू का?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. पुन्हा घातला. "याच्या पुढे काय आहे?" त्यांनी विचारलं.

"माझ्याकडे काही नाही. पुढचं तुमच्याकडे आहे."

ते मला लिफ्टपर्यंत सोडायला आले. लिफ्टचं दार बंद होताना म्हणाले, "सुनावणीत भेटू." त्यांचे डोळे भरले होते. मी आशेने घरी आले. किती मूर्ख होते मी.

*

सुनावणी जिल्हा परिषदेच्या सभागृहात झाली. सावरदऱ्याची माणसं दोन टेम्पो भरून आली होती. वहिनीच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या, म्हणून मी एकीवर बसले. ती सरकली नाही, बोललीही नाही.

माझं मशीन टेबलावर ठेवलं. जुनी डिस्क घरघरली, वायसर असूनही पत्रा थरथरला. तीन ठसे पडद्यावर आले आणि जुळले. ऑफिसच्या प्रतींचे ठसे आले. तेही जुळले. मग सगळ्या सभागृहाला दादाचा सुरळीत आवाज ऐकवला गेला. ज्यांनी दादाला तीस वर्षं ऐकलं होतं, नकला केल्या होत्या, त्या गावातलं एकही माणूस म्हणालं नाही की हा प्रल्हाद नाही. मी त्यांच्या तोंडांकडे बघत होते. पडद्यावरच्या हिरव्या खुणेवर त्यांचा विश्वास बसला होता.

मी शपथेवर सांगितलं, काय ऐकलं होतं ते. आटणं, बहुमत, माझी चूक, सगळं. दीड सेकंद ऐकवला. आयोगाचे न्यायमूर्ती सभ्य होते. त्यांनी मध्येच तोडलं नाही. मग त्यांनी प्रत्येक साक्षीदाराला विचारायचा ठरलेला प्रश्न विचारला.

"या संभाषणाची दुसरी आवृत्ती आपण कधी, कोणत्याही हेतूने, तयार केली होती का?"

वहिनी माझ्याकडे बघत होती. पहिल्यांदाच, त्या रविवारनंतर.

"हो," मी म्हणाले. "एकदा. पुसून टाकली."

"त्यानंतरही मूळ संभाषण आपल्याला जसंच्या तसं आठवतं, असं छातीठोकपणे सांगू शकाल?"

"अर्थ आठवतो. शब्द… शब्दांची खात्री नाही."

न्यायमूर्तींनी लिहून घेतलं. माझी साक्ष तिथे संपली. दीड सेकंदापुढे त्यांनी शेरा मारला: अस्पष्ट ध्वनी, एकच प्रत.

हुद्दार उभे राहिले. हातात कागद नव्हता. न्यायमूर्तींनी विचारलं, "आपण काय म्हणालात?" ते इतका वेळ गप्प राहिले की कारकुनाने मान वर केली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग गावाच्या टेम्पोभर माणसांकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलले. शब्द अडला होता. अडखळणं काय असतं ते त्या माणसाला आयुष्यात एकदा कळलं असावं.

"रेकॉर्डमध्ये आहे तेच," ते म्हणाले आणि बसले.

*

अहवाल महिन्याने आला. बेचाळिसाव्या पानावर एक वाक्य आहे: 'कर्मचारी प्र. म. कणसे यांना भोंगा वाजविण्याचा स्पष्ट आदेश मिळूनही त्यांनी तो वाजविला नाही व कामाची जागा सोडली.' सावरदऱ्यात घाटावर एकोणीस नावांचा दगड बसवला. खाली कारण कोरायचं ठरलं तेव्हा अहवालातलंच वाक्य घेतलं. दादाचं नाव त्या दगडावर आहे, पण वरच्या यादीत नाही.

वहिनी गाव सोडून निघाली, माहेरी. जायच्या दिवशी ती माझ्याकडे आली. मी टेबलावर आप्पांची पट्टीची वही काढून बसले होते. शेवटची काही पानं कोरी होती. एका पानावर मी अपघाताची तारीख घातली होती आणि अहवालातलं 'स्पष्ट आदेश मिळूनही' लिहून एका रेघेने खोडलं होतं, खालचं वाचता येईल असं. वर लिहिलं होतं: 'थांबा.' शेजारी तीन सह्यांचे तीन रकाने. पहिल्यात माझी सही होती.

वहिनीने वाचलं. माझ्या हातातून पेन घेतलं आणि दुसऱ्या रकान्यावर टेकवलं.

"नको वहिनी," मी म्हणाले.

"का? दोघींचं जुळलं म्हंजे झालं न्हवं? तुझे आप्पाच सांगायचे."

"आप्पांची तिघं माणसं वेगवेगळी जाऊन पट्टी बघून यायची. तुम्ही बघितलेलं नाही. मी सांगितलं तेच तुम्ही लिहिणार. मग आपण दोघी म्हणजे त्या दोन नव्या डिस्क."

ती भडकेल असं मला वाटलं होतं. तिने पेन तसंच धरून ठेवलं. मग म्हणाली, "ते लाव बरं. दीड सेकंदाचं."

मी लावलं. तिने डोळे मिटून ऐकलं. तीन वेळा 'प', आणि पुढे काही नाही. लग्नात नाव घेताना दादा असाच अडला होता आणि सगळा मांडव हसला होता, तेव्हा तिने मुंडावळ्यांमागून हळूच 'असू दे' म्हटलं होतं, हे मला दादाने सांगितलं होतं. आताही तिचे ओठ तसेच हलले.

मग तिने 'थांबा'समोरचा रकाना रिकामा ठेवून खालच्या ओळीवर, मोठ्या वाकड्या अक्षरात लिहिलं: 'हा आवाज माझ्या मालकांचा आहे. मी ओळखते.' त्यापुढे सही केली. पिशवी उचलली आणि स्टँडवर गेली.

त्या पानाचा फोटो मी हुद्दारांना पाठवला. तिसऱ्या रकान्यावर त्यांचं नाव लिहिलं आहे. त्यांनी तो उघडून बघितल्याची खूण लगेच आली. त्याला आता आठ महिने झाले. रकाना रिकामा आहे.